दाढेचे काम चालू असताना जबडा दुखत असेल तर

खालच्या दाढेच्या रूट कॅनालसाठी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्यात मी पाऊण तास आ वासून पडलो होतो. भुलीमुळे दाढेचे काहीच कळले नाही. दुखत राहिला तो कानाच्या पुढचा सांधा, आणि मी संकोचाने गप्प राहिलो. भूल दाताच्या नसेसाठी दिलेली असते. जबडा उघडा धरून थकलेल्या गालफडाच्या स्नायूंना आणि या सांध्याला तिचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे की जांभई देताना जबडा कटकट वाजतो का, कधी अडकला आहे का, झोपेत दात खाण्याची सवय आहे का. घरी एक साधी तपासणी करता येते: तर्जनी, मध्यमा आणि अनामिका एकत्र जुळवून उभी धरावीत आणि ती पुढच्या दातांमध्ये सहज मावतात का ते पाहावे. मावत नसतील, तर लांबलचक बैठकीऐवजी दोन छोट्या बैठका मागून घ्याव्यात. सकाळची वेळ साधारणपणे बरी, परंतु रात्री दात खाणाऱ्यांचा जबडा सकाळीच आखडलेला असतो, त्यांनी दुपार निवडावी.

काम चालू असताना सर्वांत मोठा आधार म्हणजे दुसऱ्या बाजूच्या दाढांमध्ये ठेवायचा रबरी ठोकळा, ज्याला डॉक्टर बाइट ब्लॉक म्हणतात. त्यावर दात टेकले की तोंड उघडे धरण्याचे श्रम स्नायूंना करावे लागत नाहीत. तो मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही. विश्रांती हवी असल्यास डावा हात वर करायचा, हे आधीच ठरवून घ्यावे. डॉक्टरांना मध्येच थांबवणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते, पण अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीने काम बिघडत नाही.

भूल उतरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार तास, काही चावू नये आणि गालाला शेकही देऊ नये, कारण चटका बसला तरी कळत नाही. बधिर गालाने मिसळ खायला बसलेल्याला आपण पावाबरोबर गालही चावला, हे संध्याकाळी समजते. पुढचे दोन-तीन दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, केळे असे खावे. चिवडा, ऊस आणि कडक भाकरी दूर ठेवावी. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे गालफडावर धरावा. जांभई आल्यास हनुवटीखाली मूठ टेकवावी, आणि एरवी ओठ मिटलेले पण दात सुटे राहतील असे पाहावे. डिसेंबरात गंगापूर रोडवरून पहाटे दुचाकीवर जाणाऱ्यांनी मफलर कानावरून घ्यावा, कारण थंडीने आखडलेले स्नायू अधिक ठणकतात. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर.

दात भरल्यानंतर चावताना तेथे आधी टेकते असे वाटत असेल, तर ते सवयीचे होईल म्हणून थांबू नये. उंच राहिलेले भरण थोडे घासून घेतले की जबड्याचे दुखणे अनेकदा आपोआप कमी होते. खालच्या जबड्यात दिलेल्या इंजेक्शननंतर काही दिवस दातखीळ बसल्यासारखे तोंड कमी उघडू शकते. शेक आणि हळूहळू उघडझाप केल्याने बहुतेकदा ते सुटते. मात्र ताप, वाढती सूज किंवा गिळण्यास त्रास असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जबडा उघडाच अडकून राहिला, तर घरच्यांनी तो जोर लावून मिटवू नये. दिवसा पंचवटीतील दंत महाविद्यालय गाठावे, कारण अशा महाविद्यालयांत मुखशल्यचिकित्सेचा विभाग असतो, आणि रात्री जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.

माझ्या दुसऱ्या बैठकीला मी ठोकळा आधीच मागितला आणि तीनदा हात वर केला.