खोक्यातला पिनबॉल: आधी गोटी पळू दे, रंग नंतर

रंग, ग्लिटर, स्टिकर हे सगळं आधी कपाटात टाका आणि कुलूप लावा. पोरं पहिल्या दिवशी तेच मागतात, मग होतं काय की खोकं दिसतं झकास पण गोटी अर्ध्यात अडकते आणि दोन दिवसांनी सगळं माळ्यावर. आमच्या पहिल्या पिनबॉलचं (उतरत्या पाटावर गोटी उडवायची आणि खाली पडू न देता मार्क मिळवायचे, तो खेळ) हेच झालं. दुसऱ्या वेळी नुसतं तपकिरी खोकंच दोन दिवस खेळून बघितलं, जिथे जिथे अडलं तिथे दुरुस्त केलं, मग रंगवलं, तो अजून चालतोय.

सामान घरातच सापडतं. ऑनलाइन ऑर्डरचं साधारण ५० बाय ३५ सेंटिमीटरचं खोकं, कापायला अजून एक खोकं, आइस्क्रीमच्या काड्या, इडलीच्या पार्सलबरोबर चटणीच्या पुडीला येतात ते रबर, बाटल्यांची झाकणं, जुन्या लग्नपत्रिका (आमच्याकडे यांना तोटा नाही), एक पेन्सिल, दोन बारीक नटबोल्ट, फेविकॉल, ब्राउन टेप आणि काचेची गोटी. कटर मोठ्यांनीच चालवायचा, आणि घरात ३ वर्षांखालचं कुणी असेल तर खेळ झाला की गोटी लगेच उचलून ठेवायची.

खोक्याच्या भिंती ८ सेंमी ठेवून वरचा भाग कापून टाका. तळाला आतून अजून एक पुठ्ठा चिकटवा, पण दोन्हींच्या आतल्या नळ्या एकमेकींना आडव्या यायला हव्यात, एकाच दिशेने आल्या तर तळाला पोट येतं आणि गोटी तिथेच जाऊन बसते. वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. उतार महत्त्वाचा. खऱ्या पिनबॉल मशीनचा उतार साडेसहा अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आपलं ५० सेंमीचं खोकं मागून पावणेसहा सेंमी उचलायचं, दोन जाड गाइडं खाली सरकवली की झालं. जास्त उचललं तर गोटी धाडकन खाली येते, कमी उचललं तर रांगत येते.

उजव्या भिंतीलगत साडेतीन सेंमीची गल्ली पाडा, ही गोटी उडवायची जागा. गल्लीसमोर पुढच्या भिंतीला तळापासून १ सेंमीवर भोक पाडून पेन्सिल घाला. रबर कापून त्याचा मध्य पेन्सिलच्या बाहेरच्या टोकाला टेपने गच्च बांधा आणि दोन्ही टोकं भोकाच्या दोन बाजूंना भिंतीवर चिकटवा. आतल्या बाजूने पेन्सिलला टेपचे वेढे देऊन जाड करा, नाहीतर पहिल्याच जोरात पेन्सिल पोराच्या हातात येते. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत लग्नपत्रिकेच्या पट्टीची गोलाई द्या म्हणजे गोटी वळून मैदानात उतरते. पट्टीचा जोड नीट दाबा, तिथे नख अडकलं तरी गोटी अडकणार. गल्लीच्या तोंडाशी जुन्या एक्स-रेची एक पातळ झडप लावा, एकाच बाजूला उघडणारी, म्हणजे गोटी परत गल्लीत शिरत नाही.

आता फ्लिपर, म्हणजे खाली आलेली गोटी परत वर मारणाऱ्या दोन काड्या, खरी डोकेदुखी. पहिल्यांदा मी काड्या बाजूच्या भिंतीतून बाहेर काढल्या होत्या, डावी मस्त चालली आणि उजवी बरोबर त्या गल्लीला आडवी आली! म्हणून दांडे पुढच्या भिंतीतून काढायचे. दोन काड्या काटकोनात चिकटवा, कोपऱ्यावर भोक पाडा (तापवलेल्या खिळ्याने, हे काम मोठ्यांचं) आणि बोल्टने पुढच्या भिंतीपासून ५ सेंमीवर बसवा. नट फार आवळू नका, काडी सहज फिरली पाहिजे. एक काडी मैदानात आडवी, दुसरी भिंतीतल्या ६ सेंमीच्या खाचेतून तुमच्याकडे बाहेर. असे दोन, टोकांमध्ये अडीच-तीन सेंमी फट, आणि फटीसमोर भिंतीला गोटी बाहेर यायला खिडकी. बाहेरचे दोन्ही दांडे एकमेकांकडे दाबले, चिमटा काढल्यासारखे, की आतल्या काड्या वर उचलतात. ते परत जायला प्रत्येक दांड्यावरून बाहेरच्या कोपऱ्याकडे एक रबर. आणि आतल्या काडीवर २ सेंमी उंचीची पुठ्ठ्याची उभी पट्टी चिकटवायलाच हवी, नुसत्या काडीवरून गोटी आरामात चढून जाते. बाजूच्या भिंतींपासून बोल्टपर्यंत तिरक्या पट्ट्या लावल्या की गोटी आपोआप फ्लिपरवर येते.

अडथळे पोरांनाच लावू द्या, पण आधी फेविकॉल नाही, नुसत्या टेपने. टाचण्यांभोवती ताणलेलं रबर गोटीला छान उडवतं, झाकणं त्या मानाने मठ्ठ. घुंगरू टांगलं तर अजून मजा. मार्क ठरवायची सोपी पद्धत म्हणजे वीस वेळा खेळायचं आणि जिथे गोटी क्वचित जाते तिथे जास्त मार्क द्यायचे.

खेळाला तिकीट, पास लावायची आयडिया मी लॉस एंजेलिसच्या केन मनरॉयकडून उचलली. या ९ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या ऑटोपार्टच्या दुकानात खोक्यांचं अख्खं आर्केड (पैसे देऊन खेळायच्या खेळांचं दालन) उभं केलं होतं, २०१२ मध्ये त्याच्यावरची छोटी फिल्म जगभर फिरली. १ डॉलरला चार डाव, पण २ डॉलरच्या पासवर पाचशे! पास खोटा नाही ना हे तपासायला त्याने खेळांवर कॅल्क्युलेटर लावले होते, आकडा टाकून वर्गमुळाचं बटण दाबायचं आणि उत्तर पासवरच्या नंबराशी जुळवायचं. आमच्याकडे पासवर १३६९ आणि मागे ३७ लिहितो. भाचा एवढा खूश झाला की आता खेळण्यापेक्षा पास तपासण्यातच त्याला रस.

शेवटचं म्हणजे फ्लिपरचे रबर सैल पडतात, तेव्हा चार जादाचे रबर खोक्याच्या मागेच टेपने चिकटवून ठेवा, ऐन वेळी शोधाशोध नको.