घरातल्या कुत्र्याचं डोकं कामाला कसं लावावं

राणू आमच्या सांगलीच्या घरी आली तेव्हा साधारण दीड वर्षाची होती. गल्लीतलीच गावठी कुत्री. पहिल्या महिन्यात तिने तीन चपला फाडल्या, पायपुसण्याच्या चिंध्या केल्या आणि कुंड्यांतली माती अंगणभर पसरली. आम्ही तिला सकाळ-संध्याकाळ पळवून आणायचो. घरी येऊन ती धापा टाकायची आणि दुपारी दोन वाजले की पुन्हा सुरू. रागावून काही होईना. खूप उशिरा लक्षात आलं की तिचे पाय दमत होते, नाकाला आणि डोक्याला मात्र दिवसभर काहीच काम नव्हतं.

तुमच्याकडे असंच चाललं असेल तर आधी तीन-चार दिवस नुसतं बघा. कधी कुरतडते, कधी उगाच भुंकते, कधी घरभर येरझाऱ्या घालते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. बहुतेक घरांत ठरावीक वेळ सापडते. मुलं शाळेला गेल्यावर, नाहीतर दुपारी सगळे आडवे झाल्यावर. त्या वेळेच्या अर्धा तास आधी तिला काम द्यायचं. वागणं एकाएकी बदललं असेल, खाणं सुटलं असेल किंवा स्वतःचीच शेपूट-पंजे चावत असेल, तर खेळ बाजूला ठेवून आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

पहिला बदल जेवणात करा, कारण त्याला खर्च नाही. वाडग्यात ओतलेलं जेवण कुत्रं दोन मिनिटांत संपवतं. तेच कोरडं खाणं किंवा भाकरीचे तुकडे अंगणात, स्वच्छ सतरंजीवर विखरून टाका. जुना टॉवेल पसरून त्यात तुकडे ठेवा आणि गुंडाळी करून द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे भरून मधे खाऊ लपवा. खोका फाडला तर फाडू द्या, मात्र पिना आणि चिकटपट्टी आधी काढा आणि पुठ्ठा गिळत नाही ना, तेवढं बघा. हा खाऊ रोजच्या जेवणातलाच हवा, वरचा नको. नाहीतर महिन्याभरात कुत्रं गोल होतं.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाचा खेळ, शोधाशोध. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ढोबळमानाने ५०-६० लाख असतात, कुत्र्यांच्या कित्येक जातींत त्या २० कोटींच्या वर जातात. एवढं मोठं नाक घेऊन जनावर दिवसभर फरशीवर पडून राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

सुरुवात अगदी सोपी ठेवा. तिच्यासमोर जमिनीवर तुकडा ठेवा, "शोध" म्हणा आणि खाऊ द्या. असं पाच-सहा वेळा. मग तिच्या देखत तुकडा खुर्चीच्या पायामागे ठेवा. दोन दिवसांनी तिला खोलीबाहेर थांबवून तीन सोप्या जागी तुकडे लपवा आणि मग आत सोडा. ते जमलं की दाराआड, सतरंजीच्या घडीत, पाटाखाली. अडली की ती तुमच्या तोंडाकडे बघेल. बोट दाखवू नका, बोलूही नका, फक्त त्या बाजूला दोन पावलं चाला. जवळ आली की हुंगण्याचा आवाज बदलतो, भरभर आणि बारीक होतो. तो ऐकायला शिका, फार आनंद होतो. दहा मिनिटांत, तिला अजून हवंसं असतानाच थांबा. राणू त्यानंतर पाणी पिते आणि उंबऱ्यापाशी ताणून देते. फरशी फिनाइलने पुसल्यावर लगेच हा खेळ मांडू नका. वास लागत नाही, शिवाय ते पोटात जाणं वाईट.

काय लपवायचं याबाबत सांगलीकरांना मुद्दाम सांगते. आपल्याकडे तासगावचा बेदाणा घरोघरी डब्यात असतो, आणि मुलं पटकन तोच देतात. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले तर चालतात असं सुरक्षित प्रमाण नाही. खाल्लेच, तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा. भडंगही नको, त्यात लसूण असतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. चॉकलेट आणि शिजवलेली हाडंही नकोत.

फिरायला नेताना अर्धा वेळ तिच्या मर्जीचा ठेवा. विजेच्या खांबापाशी पाच मिनिटं थांबली तर थांबू द्या, ती कालपासून कोण येऊन गेलं ते वाचत असते. कधी घाटाकडे, कधी मागच्या गल्लीतून, असा रस्ता बदला. एप्रिल-मेमध्ये उन्हं चढायच्या आत परता. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर तिचे पंजेही भाजतात. पट्टा हवाच आणि रेबीजची लस वेळेवर हवी.

कारवानी किंवा मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं असेल तर त्याचा जीव नजरेत आणि धावण्यात असतो. काठीला दोरी, दोरीला जुनं फडकं बांधून जमिनीलगत फिरवा आणि मधेमधे पकडू द्या. लेझरचा ठिपका मात्र नको. तो कधीच हाती लागत नाही आणि काही कुत्र्यांना त्याचं वेड लागतं.

दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं शिकवणी घ्या. "बस", "थांब", "सोड" एवढं पुरे. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आमच्याकडे आई "खाली बस" म्हणायची आणि पुतण्या "सिट", बिचारी राणू दोघांकडे आळीपाळीने बघायची.

एवढं करताना झोप मोडू नका. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपतं, पिल्लू त्याहून जास्त.

एकटं राहणंही शिकवावं लागतं. स्टीलच्या ताटलीत बिनसाखरेच्या, बिनमिठाच्या दह्याचा पातळ थर गोठवून ठेवा. ती ताटली देऊन पाच मिनिटं बाहेर जा आणि गाजावाजा न करता परत या. मग दहा मिनिटं, मग अर्धा तास. तुम्ही गेल्यावर ती दह्याला तोंडही लावत नसेल, दार ओरबाडून नखं रक्ताळत असतील, घरात लघवी होत असेल, तर तो कंटाळा नाही, भीती आहे. तिथे नुसते खेळ पुरत नाहीत. दार लावल्यानंतरच्या पंधरा मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या आणि तो डॉक्टरांना दाखवा.