एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू: पार्टिशन कसं करावं

मुंबईतल्या बऱ्याच घरांत लॅपटॉप एकच असतो. बाबांचं टॅली त्यातच, लग्नकार्यांचे फोटो त्यातच, आणि इंजिनीअरिंगला गेलेल्या मुलीला लिनक्सही त्यातच हवं असतं. त्यासाठी विंडोज पुसायची अजिबात गरज नाही. डिस्कवर थोडी जागा मोकळी करून त्या वेगळ्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) बसवलं की दोन्ही सुखाने नांदतात. पण खरं काम उबुंटू बसवण्याच्या आधीचं आहे, आणि घाई नडते ती तिथेच.

पहिल्यांदा बॅकअप. एक्स्टर्नल डिस्क नसेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारा, उबुंटू चढवायला १६ जीबीचा पेन ड्राइव्हही तिथूनच घ्या. फाइली कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघा. हे होईपर्यंत पुढच्या कशालाही हात लावू नका.

मग एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणं. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर दिसतं का ते पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूप उघडायचा आकडा) आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा आणि तो कागद कपाटात ठेवा. त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण निघेपर्यंत थांबा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपही बंद करा. तो चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि अशा वेळी लिनक्समधून तिच्या पार्टिशनवर काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात.

आता जागा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक करा आणि श्रिंक व्हॉल्यूम निवडा. आकडा एमबीमध्ये मागतात: १०० जीबी हवे असतील तर १०२४०० लिहा. उबुंटू २४.०४ ला किमान २५ जीबी लागतात, पण कॉलेजचं काम आणि सॉफ्टवेअर धरलं तर २५ लवकर संपतात. जागा हवी तेवढी कमी होत नसेल, तर ड्राइव्हच्या शेवटाकडे हलवता न येणाऱ्या फाइली असतात; हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोर तात्पुरते बंद करून पुन्हा प्रयत्न करा. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' अशीच राहू द्या. तिथे नवं व्हॉल्यूम बनवू नका. सी ड्राइव्ह लहान करायचा तो विंडोजमधूनच, हे माझं ठाम मत आहे.

उबुंटूची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची अख्खी प्रत) रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवा. चार्जर लावा आणि पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. बूट मेन्यूची कळ कंपनीनुसार बदलते, बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप. इन्स्टॉल करण्याआधी 'ट्राय' निवडून वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का ते बघून घ्या. मग इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय घ्या. 'इरेज डिस्क' चुकूनही नाही, त्याने सगळी डिस्क पुसली जाते. हाताने पार्टिशन करत असाल तर मोकळ्या जागेत ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल ठेवायची पद्धत) प्रकारचं एकच रूट, म्हणजे मुख्य '/' पार्टिशन पुरतं. मेमरी कमी पडली तर लागणारी स्वॅप फाइल उबुंटू स्वतः करतो. बूटसाठी, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्यासाठी, विंडोजचं छोटं ईएफआय पार्टिशनच वापरा, पण ते फॉरमॅट करू नका.

रीस्टार्टनंतर ग्रबची (उबुंटूसोबत येणाऱ्या बूट प्रोग्रॅमची) यादी येते, त्यातून हवी ती सिस्टिम निवडा. लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच शिरला तर बायोसच्या (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जच्या) बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर आणा.

पुढे विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनमधलं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवतं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की वेळ जुळते.