वाडीतलं गटार आराखड्यात कसं घालावं? ग्रामसभेतून काम मंजूर करून घेण्याची रीत

ग्रामसभेत कोणीतरी उठतं, "आमच्या वाडीत गटार पाहिजे" म्हणतं, सरपंच "घेऊ" म्हणतात आणि सभा पुढच्या विषयावर जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. "घेऊ" म्हणजे ठराव नव्हे. ग्रामपंचायतीचा पैसा एखाद्या कामावर पडायचा असेल तर ते काम वार्षिक विकास आराखड्यात लिहिलेलं लागतं: नेमक्या नावानं, रकमेसह आणि योग्य निधीखाली. महाराष्ट्रात हा आराखडा 'आमचा गाव, आमचा विकास' या नावानं ओळखला जातो. त्यात आपलं काम घालण्याची बरीचशी मेहनत सभेच्या आधीच करावी लागते.

सुरुवात सप्टेंबरात

पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. 26 जानेवारीला जाऊन मागणी केली तर बहुतेक वेळा आराखडा ठरून गेलेला असतो. म्हणून सप्टेंबरातच ग्रामपंचायतीत जा. ग्रामसेवकांना (त्यांचं पदनाम आता 'ग्रामपंचायत अधिकारी' आहे) दोन गोष्टी विचारा: पुढच्या वर्षी कोणत्या निधीत किती रक्कम अपेक्षित आहे, आणि चालू आराखड्यातली कोणती कामं अपुरी आहेत. अपुरी कामं पुढच्या वर्षावर ओढली जातात, त्यामुळे नव्या कामांना उरणारी रक्कम नेहमी वाटते त्यापेक्षा कमी असते.

कोणता पैसा कशाला चालतो

सगळ्यात जास्त मागण्या इथेच अडकतात, म्हणून हे नीट समजून घ्या.

मोठा वाटा केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात या निधीचे दोन भाग होते. 60 टक्के 'बंधित': त्यातला निम्मा स्वच्छता आणि सांडपाण्यासाठी, निम्मा पिण्याचं पाणी आणि पाणी साठवण-पुनर्वापरासाठी. उरलेला 40 टक्के 'अबंधित' भाग गावाच्या इतर गरजांसाठी, मात्र पगार आणि कार्यालयीन खर्चासाठी नाही. म्हणजे वर्षाला 10 लाख आले तर 3 लाख स्वच्छतेला, 3 लाख पाण्याला आणि रस्ते, दिवे वगैरे सगळ्यांसाठी मिळून 4 लाख. आयोगाची मुदत संपली की टक्केवारी बदलू शकते, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक बघूनच हिशेब मांडा.

आता गटाराकडे या. "रस्ता व गटार करणे" अशी एकत्र मागणी केली तर ते काम अबंधित 4 लाखांच्या रांगेत जातं, जिथे अख्खं गाव उभं असतं. तेच "सांडपाणी गटार व शोषखड्डा" (सांडपाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) असं वेगळं लिहिलं तर ते बंधित स्वच्छता निधीत बसतं, आणि तिथे गर्दी कमी असते. काम तेच, पण नावावरून त्याचं नशीब बदलतं.

ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्नही असतं: घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी. त्यातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. हा पैसा थोडा असतो, पण त्याबद्दल विचारणारेही थोडेच असतात. विचारा.

मागणी कागदावर

टेप घेऊन जागेवर जा आणि मोजा. अर्जात एवढं असू द्या:

- कुठून कुठपर्यंत, किती मीटर (उदा. मारुती मंदिर ते शाळेचं कुंपण, 60 मीटर)
- गटाराची रुंदी आणि खोली, पाण्याचा उतार कोणत्या बाजूला, पाणी शेवटी कुठे जाणार
- किती घरांना फायदा, आणि त्या घरांतल्या लोकांच्या सह्या
- पावसाळ्यातला एक फोटो, ज्यात साचलेलं पाणी दिसेल
- जागा कोणाची

शेवटचा मुद्दा सोडू नका. रस्त्याकडेचं काम असेल तर तो रस्ता ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत (नमुना 23) आहे का ते बघून घ्या. गटार कोणाच्या खासगी जागेतून जात असेल तर त्याची लेखी संमती आधीच जोडा. नाहीतर ठराव होतो, निधी येतो, आणि खोदकामाच्या दिवशी मालक आडवा येतो. तिथे अडकलेलं काम सुटायला वर्षं जातात.

अंदाजपत्रक पंचायत समितीच्या बांधकाम विभागाचा अभियंता करतो. तुम्ही रकमेचा अंदाज लिहिलात तरी चालेल, पण तांत्रिक मान्यता त्याच्याच अंदाजपत्रकाला मिळते. अर्ज दोन प्रतींत द्या, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

सभेची गणपूर्ती

सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस 7 दिवस आधी निघते. विषयपत्रिकेत आपला विषय आला आहे का, ते नोटीस फलकावर स्वतः वाचा. ग्रामसभेआधी महिला सभा व्हायला हवी. पाणी, गटार, शौचालय हे विषय तिथे आधी मांडले तर ग्रामसभेत त्यांना वजन येतं.

गणपूर्ती म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. 500 मतदारांच्या गावात 75 लोक पुरतात, 3,000 च्या गावात 100. लोक आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी घरी बसलेल्या गावाच्या वतीनं दुसऱ्या दिवशी वीस माणसं निर्णय घेऊ शकतात. ज्या वाडीला काम हवं आहे, तिनं आपल्या घरटी एक माणूस पहिल्याच सभेला बसवावा. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला असलेल्यांचं नाव गावच्या मतदारयादीत असेल तर तेही ग्रामसभेचे सदस्य आहेत. 15 ऑगस्टला गावी असलात तर सभेला बसा.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो आणि निर्णय सर्वसहमतीनं होतो. एवढं प्रत्येक गावाला जमेलच असं नाही. पण सभेच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या दोन वाड्यांशी बसून "या वर्षी तुमची पाण्याची टाकी, पुढच्या वर्षी आमचं गटार" असं ठरवून घेणं कुठेही जमतं, आणि सभेतली अर्धी भांडणं त्यानं वाचतात.

ठराव शब्दशः लिहून घ्या

विषय मंजूर झाला की तिथेच मजकूर वाचून दाखवायला सांगा. तो असा असावा:

"वॉर्ड क्र. 2 मधील मारुती मंदिर ते शाळेचे कुंपण 60 मीटर सांडपाणी गटार बांधणे व शेवटी शोषखड्डा करणे, हे काम पुढील वर्षाच्या आराखड्यात बंधित (स्वच्छता) निधीतून घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सूचक: … अनुमोदक: …"

"गटारांची कामे घेण्यात यावीत" एवढंच लिहिलं तर गटार कोणत्याही वाडीत निघू शकतं. आणखी एक: उपस्थितीच्या कोऱ्या पानावर किंवा सभेनंतर घरी आलेल्या वहीवर सही करू नका. त्याच सह्यांखाली नंतर काय लिहिलं जाईल, ते तुमच्या हातात राहत नाही.

सभेनंतर

आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढवला जातो. तिथे राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडून कामांची यादी कोणालाही बघता येते. ठराव वहीत आहे पण काम यादीत नाही, असं दिसलं तर लगेच पुरवणी आराखड्यात घेण्याचा अर्ज द्या; यादीत नसलेल्या कामाचं बिल निघत नाही.

ठरावाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत ठेवावा लागतो. त्यात ठरावाची प्रत, अंदाजपत्रक आणि काम झालं असेल तर मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं ज्यात नोंदतात त्या वहीची) प्रत मागा. मग तोच टेप घेऊन पुन्हा जागेवर जा. पुस्तकात 60 मीटर आणि जमिनीवर 48 निघाले, तर फोटो, मोजमाप आणि ठरावाची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तिचीही पोच घ्या.