जुन्या गाडीची रबरं एकत्र बनवून घेताना

विंडस्क्रीनचं रबर नव्याने पाडून घ्यायचं तर कारखाना एक-दोन नगांसाठी साचा बनवत नाही. माणसं जमवावी लागतात. ‘मलाही हवं’ म्हणणारे तीस निघतात, पैसे मागितले की उरतात बारा!

१. यादीत नाव फक्त आगाऊ रक्कम भरणाऱ्याचंच. साच्याचा खर्च या पक्क्या नावांत वाटा. नंतर येणाऱ्यांची रक्कम राखीव ठेवा, कारण दोन-चार नग खराब निघतातच.

२. नमुना म्हणून गाडीवरून काढलेलं जुनं रबर सरळ देऊ नका. वर्षानुवर्षांत ते आकसलेलं असतं, त्यावरून केलेला नग कोपऱ्यात बोटभर तोकडा पडतो. न वापरलेला मूळ भाग कुणाकडे असेल तर उत्तम. नाहीतर काचेची कड आणि पत्र्याची जाडी व्हर्नियरने मोजून द्या.

३. रबर कोणतं ते लिहून द्या. काचा-दारांना ईपीडीएम, ऊन सोसतं. पेट्रोल लागणाऱ्या जागी मात्र नायट्राइल, कारण ईपीडीएम पेट्रोलने फुगतं.

४. पहिला नग प्रत्यक्ष गाडीवर बसवून, काचेवर पाण्याची नळी सोडून पाहा. मगच बाकीचे पाडायला सांगा.

साचा कुणाच्या मालकीचा, हे ऑर्डरच्या कागदावर आधीच लिहून घ्या. आम्ही ते विसरलो आणि दुसऱ्या खेपेला त्याच साच्याचे पैसे पुन्हा मोजले.