हेराल्डचं स्टेअरिंग कपलिंग बदलताना या चुका टाळा

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाटाला लागलो होतो. एका वळणावर स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी क्षणभर तशीच सरळ गेली, मग वळली. समोरून मालट्रक उतरत होता. काही झालं नाही, पण घाटमाथ्यावर गाडी थांबवली तेव्हा तळहात ओले होते. दोष निघाला मुठीत मावेल एवढ्या एका भागात.

आमची गाडी स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची भारतीय आवृत्ती. १९६१पासून मद्रासमध्ये तयार झाली ती. ट्रायम्फची स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार १९६२ साली आली, तीही हेराल्डच्याच चासीवरून बेतलेली. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते बहुतेक सगळं दोन्ही गाड्यांना लागू पडतं. स्टेअरिंगचा दांडा खाली येतो आणि रॅकच्या (पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीच्या) पिनियनला, म्हणजे ती सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला, जोडला जातो, त्या सांध्यात हे कपलिंग असतं. दोन्ही टोकांना लोखंडी पकड आणि मधे रबर. रस्त्याचे हादरे हातापर्यंत येऊ नयेत म्हणून ते रबर. तेल लागलं, उन्हाने वाळलं, वय झालं की त्याला चिरा पडतात. आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसवर जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. गाडी वर्षभर शेडमध्ये उभी राहिली तरी रबराचं वय वाढतच असतं.

पहिली चूक निदानातच होते. स्टेअरिंगला प्ले आला, म्हणजे चाक न वळताच ते थोडं फिरायला लागलं, की मिस्त्री थेट टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) बदलायला घेतात. आमच्याकडेही तेच झालं. दोन्ही एंड नवे बसले, पैसे गेले आणि प्ले होता तसाच राहिला. शेवटी धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीबाबांनी बॉनेट उघडलं, कपलिंगवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, “तू स्टेरिंग हालाव भाऊ, मी दखस.” इंजिन बंद, चारही चाकं जमिनीवर. मी स्टेअरिंग इंचभर डावीकडे, इंचभर उजवीकडे हलवत राहिलो. कपलिंगचं वरचं तोंड फिरत होतं, खालचं जागेवरच होतं. मधलं रबर पिळवटत होतं आणि त्यातली चीर ओठांसारखी उघडत-मिटत होती. दोन मिनिटांत निदान झालं.

ही तपासणी वरून खाली क्रमाने करा. आधी कपलिंग. मग रॅकला चासीवर धरणारे यू-बोल्ट आणि त्यांची रबरं. स्टेअरिंग हलवताना अख्खा रॅक आडवा सरकत असेल तर दोष तिथे आहे. टाय रॉड एंड त्यानंतर. आणि चाकं घोडीवर घेतलीच आहेत तर खालचे ट्रुनियनही (पुढचं चाक ज्या आट्यांच्या सांध्यावर वळतं ते) बघून घ्या. त्यांना ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. कित्येक गॅरेजात सवयीने ग्रीस भरतात, ते आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरून आटे गंजतात आणि एक दिवस पुढचं चाक आडवं पडतं. विषय कपलिंगचा असला तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुसरी चूक जुगाडाची आणि तीच मला सगळ्यात घातक वाटते. भाग लगेच मिळत नाही. मग कोणी टायरचा तुकडा गोल कापून देतं, कोणी पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा. एका दुकानदाराने मला दुसऱ्याच गाडीचा युनिव्हर्सल जॉइंट दाखवून “वेल्डिंग करून घ्या, आयुष्यभर बघायला नको” असं सांगितलं होतं. ब्रेक गेला तर गिअर आणि हँडब्रेक हाताशी असतो. स्टेअरिंग सुटलं तर हातात काहीच उरत नाही. स्टेअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग करू नका आणि स्प्लाइन (दांड्याच्या टोकावरचे उभे दाते) जुळत नसलेला जॉइंट ठोकून बसवू नका. या गाड्यांचे भाग इंग्लंडमध्ये अजून नवे बनतात. पार्सल यायला वेळ लागतो, तोवर गाडी उभी ठेवा. नवं कपलिंग आलं की हाताने पिळून बघा. काही नकली मालाचं रबर इतकं मऊ असतं की नवंकोरं असूनही ते जुन्यासारखाच प्ले देतं. पॉलियुरेथेनचंही मिळतं. ते टिकतं, पण हादरे थोडे जास्त जाणवतात. मी रबराचंच घेतलं. आपल्या रस्त्यांवर मनगटांना तेवढा आराम हवा.

आता प्रत्यक्ष काम. पाना लावण्याआधी गाडी सपाट जागेवर घ्या आणि पुढची चाकं सरळ करा. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणून ठेवा. मग दांडा, कपलिंग आणि पिनियन या तिघांवर मिळून व्हाइटनरची एक सरळ रेघ मारा. हे कोणी करत नाही. नवं कपलिंग स्प्लाइनवर एक दाता इकडे-तिकडे बसतं, स्टेअरिंग वाकडं दिसतं आणि मग ते सरळ करायला टाय रॉड फिरवले जातात. त्याने रॅकचा मध्यच चुकतो. एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. इंडिकेटरही वेळेवर परतत नाही.

जुनं कपलिंग निघत नाही म्हणून दांड्यावर हातोडा मारू नका. त्या ठोक्याचा मार थेट रॅकच्या पिनियनला बसतो. गॅसची बत्तीही नको. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पकडीच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून ती केसभर उघडा, कपलिंग डुलवत डुलवत काढा. स्टेअरिंगचा दांडा दोन तुकड्यांचा आहे, एकात एक सरकणारा. त्यांना धरणारी पकड सैल केली की वरचा तुकडा मागे ओढता येतो आणि जागा होते. काम संपल्यावर ती पकड पुन्हा आवळायची असते. नवं रबर बसवताना डिझेल किंवा ग्रीसचा हात लावू नका, त्याने रबर फुगतं.

बोल्टवर थोडं थांबतो. पकडीचा बोल्ट नुसता आवळण्यापुरता नसतो, तो दांड्यावर कोरलेल्या खाचेतून आडवा जातो. बोल्ट सहज जात नसेल तर दांडा पुरता आत गेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ठोकून घातला तर आटेही जातात आणि दांडा सुटायचा धोका तसाच राहतो. आणि या गाडीचे आटे इंची आहेत, यूएनएफ नावाचे बारीक आटे. ५/१६ इंची बोल्ट म्हणजे ७.९४ मिमी, डोळ्यांना तो ८ मिमीच्या बोल्टसारखाच दिसतो. पण एकात इंचाला २४ आटे, दुसऱ्यात दर सव्वा मिलिमीटरला एक. आठ मिमीचा नट दोन फेरे बसतो आणि अडकतो, मग लांब पान्याने तो “बसवला” जातो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही. डोक्यावर तीन रेघा असलेला ग्रेड ५चा किंवा त्याहून वरचा घ्या. नायलॉकचे नट (आत नायलॉनचं कडं असलेले) दरवेळी नवे घ्या आणि वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या) आवळा.

सगळं बसलं आणि हॉर्न वाजत नाही? घाबरू नका, हॉर्न जळलेला नाही. हॉर्नची अर्थिंग स्टेअरिंगच्या दांड्यातून खाली येते आणि रबर वीज वाहू देत नाही. म्हणून कपलिंगच्या एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत एक छोटी वायर असते. जुन्याबरोबर ती कचऱ्यात जाते. रॅक स्वतःही रबरावर बसलेला असतो, त्यामुळे रॅकपासून चासीपर्यंतची वायरही तपासा. इलेक्ट्रिशियनकडे जाण्याआधी एवढं बघा.

हेराल्ड पंचवीस फुटांच्या गोलात वळते, म्हणून लोक गल्लीत गाडी उभी ठेवूनच स्टेअरिंग टोकापर्यंत ओढतात. तो सगळा पीळ या रबरावर येतो. गाडी जरा तरी चालू द्या, मग वळवा.

पहिली फेरी घाटात नको. मी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीपर्यंत हळू गेलो आणि परत आलो. निघण्याआधी प्रत्येक नट आणि बोल्टवर मिळून व्हाइटनरची बारीक रेघ मारली होती. घरी आल्यावर बॉनेट उघडून बघितलं, चारपैकी तीन रेघा अखंड होत्या. चौथा नट पाव फेरा ढिला झाला होता. तो पुन्हा आवळला, नवी रेघ मारली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत गेलो.