बाईक तापतेय? कधी तापते ते आधी बघा
इंजिन तापतंय म्हणून लगेच खोलायला घेऊ नका. बंद करून काही मिनिटांनी गाडी सरळ उभी करा आणि ऑइलची पातळी बघा. मग न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा, जड फिरलं तर ब्रेक घासतोय (हे कुणी बघतच नाही!) आणि इंजिन उगाच जास्त राबतंय.

लिक्विड कूलिंगची (इंजिन कूलंट नावाच्या द्रवाने थंड ठेवणारी) गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल, तर संशय फॅन, त्याचा फ्यूज किंवा सेन्सरवर. वेगातही तापली, तर कूलंट कमी, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला किंवा रेडिएटर चिखलाने बुजलेला. एअर कूल्ड (हवेने थंड होणारी) असेल तर फिन्स, म्हणजे इंजिनवरच्या पातळ पट्ट्या, साफ करा. स्पार्क प्लगचं टोक पांढरंफटक दिसलं, तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडत असावं.

रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडू नका, उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं.